करारात टन आहेत, शेतकऱ्याचा भाव नाही

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
स.न.वि.वि.

‘लेमन’ म्हणजे बर्माची तूर आणि ‘गजरी’ म्हणजे मोझांबिकची, हे आमच्या लातूरच्या आडतीवर कुणालाही विचारा. मी स्वतः तूर पिकवतो. गजरी उतरली की आमचे भाव ढिले पडतात. तरीही हे पत्र आयात बंद करा म्हणून लिहीत नाही.

मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी चालली. सुमारे दहा लाख माणसं गेली. रानात, पायवाटांवर पुरलेले सुरुंग काढून देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं. पुढच्याच वर्षी आपण त्यांच्याशी तुरीचा करार केला: पहिल्या वर्षी एक लाख टन, पाचव्या वर्षापर्यंत दोन लाख. तिथल्या नांपुला, झांबेझिया प्रांतांतला लहान शेतकरी ही तूर पेरतो ती आपल्या भरवशावर. तिकडे ताटात तूर फारशी नसते. आपण घेतली नाही तर त्याने ती विकायची कुणाला?

२०१७ साली हा प्रश्न खराच उभा राहिला. इथे तूर उदंड झाली होती, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा आणि क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर. ऑगस्टमध्ये दिल्लीने आयातीला मर्यादा घातली, ती नेमकी त्यांच्या सुगीत. कराराचा कोटा शाबूत होता म्हणे, पण तिथल्या गावातला भाव कोसळायचा तो कोसळलाच. आम्हाला निदान भांडायला हमीभाव तरी आहे.

मोझांबिकच्याच उत्तरेला, काबो देल्गादो प्रांतालगतच्या रोवुमा खोऱ्यातल्या गॅस प्रकल्पात आपल्या सरकारी कंपन्यांचा ३० टक्के वाटा आहे. प्रकल्पाजवळच्या पाल्मा गावावर २०२१ मध्ये हल्ला झाला आणि काम वर्षानुवर्षं अडकलं. त्या प्रांतात २०१७ पासून पुन्हा बंदुका चालताहेत. गॅसचा पैसा गावात कधी पोचेल कोण जाणे. तुरीचा दरसाल पोचू शकतो, मधल्यांनी पोचू दिला तर. २०२३ मध्ये तिथल्या निर्यातदारांच्या भांडणात मोझांबिकच्या ‘नाकाला’ बंदरावर तुरीचा माल अडकला, तेव्हा इथे डाळ कडाडलेली होती.

म्हणून मागणं एवढंच: करारात तिथल्या शेतकऱ्याच्या हातात पडणारा किमान भाव लिहा. आयातीचं धोरण त्यांच्या पेरणीआधी, ऑक्टोबरातच जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. आणि ती तूर आमच्या हमीभावाखाली बंदरात उतरणार नाही एवढं शुल्क ठेवा. डाळ किलोमागे थोडी महागेल, त्याची झळ रेशनवर डाळ देऊन सोसता येईल.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक तूर उत्पादक