बेशुद्ध पेशंटचं तोंड: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीतली बरीच वर्षं आयसीयूत गेली. इमारती आणि मशीन मागणारी पत्रं आपल्याकडे रोज येत असतील. मी लिहितेय बेशुद्ध पेशंटच्या तोंडाबद्दल.

फवारणीचं औषध पोटात गेलेला एक शेतकरी आमच्याकडे होता. वय पस्तिशीचं, व्हेंटिलेटरवरचा सहावा दिवस. रजेवरून आले आणि टॉर्च मारून त्याच्या तोंडात पाहिलं. टाळ्याला तपकिरी खपली, जीभ लाकडासारखी, फुटलेले ओठ नळीच्या पट्टीला चिकटलेले. त्या विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावंच लागतं, आणि त्याने लाळ आटते. लाळच नसेल तर तोंड धुणार कोण? चार्टवर मात्र तिन्ही पाळ्यांत ‘माउथ केअर गिव्हन’ लिहिलेलं होतं. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ती खपली सोडवायला पाऊण तास लागला. ओढली की रक्त येतं, म्हणून भिजवायची, थांबायचं, पुन्हा भिजवायची. त्याची बायको दाराशी उभी होती. म्हणाली, “सिस्टर, वासामुळे मला जवळ बसवत नव्हतं. आता बसू का?”

त्याला न्यूमोनिया झालाच. नशिबाने तो घरी गेला. सगळेच जात नाहीत.

घाण तोंडातच राहत नाही, साहेब. पेशंट गिळू शकत नाही, खोकू शकत नाही. दातांवरच्या थरात दोन-तीन दिवसांतच दवाखान्यातले जंतू वस्तीला येतात आणि श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवतीच्या फुग्याच्या कडेने झिरपत फुफ्फुसात उतरतात. मग महागडी अँटिबायोटिक्स सुरू होतात, व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात, आणि बाहेर पेशंट कॉट रिकामी होण्याची वाट बघत बसतात. हे थोपवायला लागतो लहान मुलांचा मऊ ब्रश.

आपल्याकडे अजून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा बोळा फिरवला की काम झालं असं धरतात. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी 2022 मध्येच सांगितलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे दात ब्रशने घासा, क्लोरहेक्सिडिन नको. 2023 च्या अखेरीस 15 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. ज्यांचे दात रोज घासले गेले, त्यांच्यात न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी होता, आयसीयूतले मृत्यूही कमी होते. दिवसातून दोनदा घासणं पुरे, हेही त्यातून दिसलं. दोनदा! एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे.

पण ते एकट्या सिस्टरचं काम नाही. डोकं 30 ते 45 अंश वर, मान कुशीला, फुग्यातला दाब तपासलेला, तोंडातलं पाणी-लाळ ओढून घेणारं सक्शन चालू. एकीने नळी धरायची, दुसरीने घासायचं. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या निकषानुसार आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर हवी. मी रात्रपाळीला पाच-पाच पेशंट सांभाळलेत. अशा वेळी इंजेक्शन चुकत नाही, तोंड राहून जातं. मुलींना यावरून रागवायचा मला कधी धीर झाला नाही.

जनरल वॉर्डात तर हे काम नातेवाइकांवरच पडतं, आणि त्यांना कोणी शिकवत नाही. माया असते म्हणून चमचाभर पाणी घालतात, कोणी तीर्थ घालतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडातलं ते पाणी श्वासनलिकेत जातं. कवळी तशीच राहते. दाखल होताना ती काढून, नाव लावलेल्या डबीत ठेवायला सांगणारं कोणी हवं.

म्हणून मागणं आहे. ब्रश आणि सक्शन कॅथेटर औषधांसारखेच रुग्णालयाच्या खरेदीत घ्या. आज ब्रश नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगतात. चार्टवर ‘गिव्हन’ऐवजी ओठ, जीभ, टाळू, दात कसे दिसले ते लिहायचा रकाना हवा. सिस्टरांची रिकामी पदं भरा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत, तिथल्या मंत्र्यांशीही बोला.

आणि पुढच्या वेळी एखाद्या जिल्हा रुग्णालयात पाहणीला जाल तेव्हा आयसीयूत सिस्टरकडून टॉर्च मागून घ्या, आणि एका बेशुद्ध पेशंटचं तोंड स्वतः बघा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका