स्क्रूचे कौतुक झाले, उशीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या मानेच्या मणक्यांवरील शस्त्रक्रियेचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. इवल्याशा मणक्यात स्क्रू बसवणाऱ्या शल्यविशारदांना हात जोडावेत तेवढे थोडेच. पण सोबतचा फोटो कोणी निवडला? सपाट स्ट्रेचरवर मूल आणि डोक्याखाली टम्म उशी! साधारण आठ वर्षांपर्यंत डोके धडाच्या मानाने मोठे असते, त्यामुळे नुसत्या सपाट फळीवरही मान पुढे वाकते. आधार द्यायचा तो खांदे-पाठीखाली. उशी देऊन तुम्ही ती आणखी वाकवलीत.

माझ्या चार वर्षांच्या भाच्याला अपघातानंतर लोकांनी असेच उचलून नेले. एक्स-रे बघून सांगण्यात आले, ‘ही रेघ वाढीची आहे, या वयात असतेच.’ असते, खरेच! दुसऱ्या मणक्याचे दातासारखे वर आलेले टोक सहा-सात वर्षांपर्यंत खालच्या हाडाला कूर्चेनेच जोडलेले असते. पण जोराचा मार बसला की ते नेमके तिथेच सुटते, हे कोण बघणार? पोरगा घरी आला आणि अंथरुणातून उठताना दोन्ही हातांनी स्वतःचे डोके धरून उठू लागला. पाहुणे म्हणाले, नाटकं करतोय. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र ते पाहताक्षणी कॉलर घालून सीटी स्कॅनला धाडले.

ऑपरेशन झाले का? नाही. हॅलो लावला. म्हणजे कवटीभोवती पिनांनी घट्ट बसवलेले कडे, अंगात जाकीट आणि दोन्ही दांड्यांनी जोडलेले, मान हलू नये म्हणून. मोठ्यांना सहसा चार पिना लागतात. लहानांची कवटी पातळ, म्हणून पिना जास्त, पण हलक्या पिळाच्या. हाड सांधले. तुमच्या लेखात हॅलोला अर्धी ओळही नाही. वाचणाऱ्याला वाटावे, मान दुखावली की स्क्रू ठरलेलाच! कवटी आणि मानेचा सांधाच निखळला असेल तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, मान्य. पण पहिला-दुसरा मणका जोडला की मान वळण्यातला जवळपास निम्मा वाटा जातो, हेही आईबापांना कळू द्या की.

जाता जाता : मागे माझे पत्र छापताना नेमका मुद्द्याचा परिच्छेद उडवलात आणि शेजारी, बाळाने लवकर मान धरावी म्हणून चोळायच्या तेलाची जाहिरात ऐसपैस छापलीत. हेही पत्र कापणार असाल तर हॅलोचा भाग तेवढा राहू द्या.

– एक नियमित वाचक