धुतलेली गाणी

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

तू पाठवलेली ‘साफ केलेली’ गाणी हेडफोन लावून निवांत ऐकली. खरखर गेली, व्हायोलिनं झकास मोकळी झाली, सगळं मान्य. पण ‘महल’ सिनेमातल्या ‘आएगा आनेवाला’चं काय करून टाकलंय रे!

गाणं १९४९चं, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, आणि आजच्यासारखं बटण दाबून ते होत नव्हतं. लताबाई सांगायच्या, माइक खोलीच्या मधोमध होता आणि ‘खामोश है ज़माना’ गात त्या कोपऱ्यातून हळूहळू त्याच्याकडे चालत यायच्या. म्हणजे त्यातलं अंतर खरंखुरं आहे. सुरुवातीला आवाज बारीक, भोवती खोलीची घुमी, म्हणजे भिंतींवरून परत येणारा आवाज. त्या जवळ येतात तशी ती मागे पडते. तुझ्या प्रतीत ती घुमीच कचरा समजून पुसलीय. खरखर मुख्यतः ज्या वरच्या पट्टीत ऐकू येते, तिथेच गाणाऱ्याचा श्वास, ‘स’-‘श’ची सळसळ आणि विरत जाणाऱ्या आवाजाचं शेपूट असतं. सरसकट फिल्टर मारला की एकाबरोबर दुसरंही जातं. आता बाई पहिल्या ओळीपासूनच माइकपाशी ठाण मांडून बसल्यासारख्या वाटतात. मग ‘आएगा’ची हुरहूर राहिली कुठे?

खरखर म्हणजेच भावना, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही हं. झिजलेल्या तबकडीची टकटक कुणी एकेक वेचून काढली तर त्याचे पाय धरावेत. ‘सुजाता’तलं तलतचं टेलिफोनवरचं गाणं बघ, किती हलक्या हातानं पुसलंय! आवाजातला कंप जिथल्या तिथे आहे. थोडी सळसळ उरलीय, पण दोन ओळींनंतर कान तिकडे जातच नाही. मला विचारशील तर साफसफाई इथेच थांबावी.

दुसरी खोड म्हणजे सगळं एकाच जोरात वाजवायचं. कुजबुज आणि टिपेचा सूर एकाच उंचीवर आणले की पहिल्या मिनिटाला छान वाटतं, तिसऱ्या गाण्याला डोकं उठतं. गाणारा हळू गातो तो काही उगाच नाही.

पुढच्या खेपेला न धुतलेली प्रतही पाठव, दोन्ही लागोपाठ लावून ऐकतो. ते झंकार बीट्सचं, म्हणजे जुन्या गाण्यांवर वरून नवा ठेका चढवलेलं फोल्डर मी उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही, त्यावरून भांडायचं असेल तर इकडे ये. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुध्या