क्वाय नदीचा पूल आणि विसरलेले तमिळ मजूर

महोदय,

डेव्हिड लीन यांचा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेमार्गावरील पुलाची कथा सांगणारा १९५७ चा चित्रपट आजही लोकांच्या मनात घर करून आहे. त्यातली शिट्टीची धून चित्रपट न पाहिलेल्यांनाही ओळखीची वाटते. त्याचा प्रभाव इतका, की कांचनबुरीचा खरा पूल मे क्लाँग नदीवर असूनही पर्यटकांच्या ओढ्यामुळे थायलंडने १९६०च्या दशकात नदीच्या त्या भागाचे नावच ‘ख्वाए याई’ केले! चित्रीकरण तर श्रीलंकेतल्या कितुलगल इथे झाले होते.

कलाकृती म्हणून तो थोरच आहे, अ‍ॅलेक गिनेस यांनी साकारलेला, कैदेत असूनही जपान्यांसाठी झटून पूल उभारणारा ब्रिटिश कर्नल विसरणे शक्य नाही. पण त्या पुलावरच्या कैद्यांचे प्रत्यक्षातले ब्रिटिश अधिकारी फिलिप टूसी शत्रूला साथ देणारे नव्हते; आपल्या माणसांचे जीव वाचवण्यासाठी ते झटले. त्यांच्या हाताखालच्या सैनिकांना पडद्यावरचे चित्रण खुपले, ते रास्तच होते.

मला त्याहून जास्त सलते ते वेगळेच. सुमारे ४१५ किलोमीटरच्या त्या रेल्वेमार्गावर १२ हजारांहून अधिक दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी मेले, आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पटीने. मलायाच्या रबर मळ्यांतून नेलेले हजारो तमिळ लोक त्यांत होते. कैद्यांची दफनभूमी नीट राखलेली आहे. या मजुरांपैकी बहुतेकांच्या कबरीवर नावसुद्धा नाही. थायलंडच्या सहलीत पुलावर छायाचित्रे काढणाऱ्या आपल्या पर्यटकांना सहल कंपन्यांनी एवढे तरी जरूर सांगावे.

– एक वाचक, पुणे