चाचा, खालच्या बाजूचा फोटो पाठवतोय

आदरणीय चाचा,
सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही अजून पुढे ढकलताय, हेही मला तिच्याकडूनच कळलं. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता. म्हणून लिहून काढतोय, आणि चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

जुनी गाडी परवा रस्त्यावर आली. तिचा पत्रा नीट करायला तीन हिवाळे गेले. इथले लोक पेट्रोल पंपावर थांबून विचारतात, पत्र्याचं काम कुठे केलंस? मी म्हणतो, घरामागच्या गॅरेजात, पण शिकवलं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी. पुढचा माणूस हसतो, त्याला थट्टा वाटते.

इतरांसाठी थोडं सांगतो. गाडी १९७१ची एएमसी (अमेरिकन मोटर्स) जॅव्हलिन. ३६० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.९ लिटरचं व्ही-८ इंजिन. मी राहतो त्या मिलवॉकीपासून तासाभरावर केनोशा नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात ती बनली. बेताच्या आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं आणि पोरांना परवडेल अशा किमतीत विकायचं, हे 'मसल कार'चं वेड १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून अमेरिकेत पसरलं. पुढे विम्याचे हप्ते, धुराचे नियम आणि १९७३चं तेलसंकट यांनी ते उतरवलं. जाणकार जॅव्हलिनला 'मसल कार' न म्हणता 'पोनी कार', म्हणजे लहान स्पोर्टी गाडी, म्हणतील. म्हणोत. १९७१ आणि १९७२, सलग दोन वर्षं ट्रान्स-ॲम शर्यतींची मालिका हिनेच जिंकली, आणि तीसुद्धा त्या काळच्या चार मोठ्या कंपन्यांतल्या सगळ्यात लहान कंपनीची गाडी असताना.

मला ती मिळाली तेव्हा तिच्या तळातून गॅरेजची फरशी दिसत होती. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी सांध्यांत शिरतं आणि पत्रा आतून खातं, वरून रंग शाबूत दिसतो. मस्टँग किंवा कमॅरो असती तर नवा पत्रा कॅटलॉग बघून मागवला असता. एएमसी १९८७ साली क्रायसलरच्या पोटात गेली, आणि तिच्या गाड्यांचा पत्रा आता फारसं कोणी काढत नाही. इंजिनाची अडचण नव्हती, कारण हेच ३६० जीपच्या ग्रँड वॅगनीरमध्ये १९९१पर्यंत बसत होतं. पत्रा मात्र नाही. दोन गॅरेजांत विचारलं आणि तासाचा दर ऐकून परत आलो.

तेव्हा तुमची आठवण झाली. खरं तर आधी वडिलांच्या जीपची झाली. गगनबावड्याच्या वडापला, म्हणजे भाड्याची माणसं भरून, धावणारी ती जीप. दर पावसाळ्यानंतर तिचा तळ चाळणी व्हायचा आणि शाळा सुटल्यावर मी तुमच्या वर्कशॉपात रुळाच्या तुकड्यावर बसून राहायचो. एका वर्षी लग्नसराईच्या तोंडावर तुम्ही पूर्ण तळ उधारीवर घातला होता. वडिलांनी पैसे चार महिन्यांत फेडले, तेव्हा कळलं की तुम्ही ते वहीत लिहिलेच नव्हते.

पंचवीस वर्षांनी तुम्हाला व्हिडिओ कॉल केला. तुमचे रविवारी सकाळचे साडेआठ, माझे शनिवारी रात्रीचे नऊ. ना हालहवाल, ना काही. "गाडी दाव." मी मोबाइल घेऊन गाडीभोवती फिरलो. मग मोठ्या हुशारीने सांगितलं की उद्या ग्राइंडर लावून सगळा सडका तळ कापून काढणार आहे.

"आरं, मग दार कुठं बसवणार हाईस?"

मला कळलंच नाही. तुम्ही समजावलंत. जीपला खाली चासी असते, तळ काढला तरी ती उभी राहते. हिला वेगळी चासी नाही, पत्राच हिचा सांगाडा. तळ काढला की ती पोटात बसणार, आणि नवा तळ त्या वाकलेल्या अवस्थेतच जोडला जाणार. आधी दाराच्या चौकटींत आडवे-तिरपे पाईप वेल्ड कर, चारही कोपरे दोरीने कर्णात मोज, भिंतीवर लिहून ठेव, मग ग्राइंडर हातात घे. मी इंजिनिअर आहे, चाचा. दिवसभर ऑफिसात संगणकावर कुठल्या भागावर किती ताण येतो हेच बघतो. आणि माझ्याच गाडीखालचा आधार मी काढायला निघालो होतो. ते आकडे अजून भिंतीवर आहेत. तीन वर्षांनी काढलेल्या मापात आणि त्यांच्यात दोन मिलिमीटरचा फरक आहे.

दुसरा प्रसंग तापाचा. जवळच्या दुकानात मिळाला तो पत्रा आणला, चकचकीत होता. दार बंद करून, कारण बाहेर उणे बारा, चार तास वेल्डिंग केलं. रात्री थंडी वाजून आली, तोंडाला गोडसर धातूची चव. फ्लू समजून झोपलो. सकाळी तुम्हाला सहज सांगितलं तर तुम्ही एकच विचारलंत, "धूर पांढरा हुता का?" जस्ताचा पत्रा. त्याचा मुलामा जळून जो धूर होतो, त्याचा ताप येतो, आणि दिवसभरात उतरतोही. तुमच्या वर्कशॉपात अशा वेळी दूध पाजायचे. डॉक्टर म्हणतात, दुधाचा काही उपयोग नाही. मी दोन्ही केलं, डॉक्टरांना विचारलं आणि दूधही प्यायलो. त्यानंतर काळा, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेला पत्रा, उघडं दार आणि तोंडाला मास्क. तळाला सव्वा मिलिमीटरचा, बाहेरच्या अंगाला एक मिलिमीटरच्या आसपासचा.

पहिलं ठिगळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा फर्मा काढला होता, तो तुम्हाला आवडला. मात्र मी कोपरे काटकोनात ठेवले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वेल्डिंग ओढत नेलं. तेलात टाकलेल्या पापडासारखा पत्रा उठला. मी म्हटलं, आता वरून लांबी (पुट्टी) भरून घेतो, कोणाला दिसणार आहे? तुम्ही काही बोलला नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिलात, सेकंदभर, फोनच्या पडद्यावरून. मग म्हणालात, "काप."

तीन शनिवार त्या तुकड्यावर गेले होते. कापला.

मग सुरुवातीपासून. कोपरे गोल करायचे, म्हणजे उष्णता एका टोकाला साठत नाही. वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा पार पलीकडे, तिसरा मधोमध. मधे थांबायचं, हाताची पाठ लावून बघायचं, गार झाल्याशिवाय पुढचा टाका नाही. टाका गार होताना आक्रसतो आणि भोवतीचा पत्रा ओढून घेतो. मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बरोबर टाक्यावर हातोडी मारली की तो ताणला जातो, ओढलेला पत्रा सुटतो. डॉलीवर मारलं तर पत्रा वाढतो. डॉली उंचवट्याच्या शेजारच्या खळग्याखाली धरून उंचवट्यावर मारलं तर न वाढता जागेवर येतो. एवढ्या दोन वाक्यांसाठी मला सहा महिने लागले.

तुम्ही आयुष्यभर गॅसवर काम केलंत, आणि माझ्या हातात मिग वेल्डिंग, म्हणजे विजेने तार वितळवून जोडणारं यंत्र, तुमच्या भाषेत "पिस्तूल". ०.६ मिलिमीटरची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं ७५-२५ मिश्रण. तरी हातोडीचा आवाज ऐकून तुम्ही फोनवरूनच विचारलंत, "ह्या पिस्तुलाचा टाका कडक हाय व्हय?" खरंच असतो, गॅसच्या टाक्यापेक्षा कडक. आधी ग्राइंडरने तो पत्र्याच्या जवळपास उतरवायचा आणि मगच ठोकायचा, हे तुम्ही न वापरलेल्या यंत्राबद्दल तुम्ही मला सांगितलंत.

पुढच्या डाव्या फेंडरचंही, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचंही, तसंच. १९७१च्या जॅव्हलिनचे पुढचे फेंडर चाकांवर घोड्याच्या खांद्यासारखे उचललेले आहेत. शर्यतीत रुंद टायर बसावेत म्हणून. मला ते निर्दोष वाटत होते. तुम्ही म्हणालात, मोबाइल बॉनेटवर ठेव आणि बोटाच्या पेराने वाजवत ये. टण, टण, टण, भद्द. "हितं थांब." लोहचुंबक लावला तर घसरून पडला. खाली बोटभर जाडीची लांबी, तिच्याखाली कधीच्या तरी अपघाताचा खड्डा. तेरा हजार किलोमीटरवरून, तेही अशा नेटवर्कवर, की तुमचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थांबलेला होता.

मागच्या चाकामागचा खालचा तुकडा दोन्ही दिशांनी गोल आहे. त्यासाठी मी इंग्लिश व्हीलच्या, म्हणजे दोन चाकांमधून पत्रा फिरवून गोलाई देणाऱ्या यंत्राच्या, किमती बघत होतो. तुमच्याकडे बाभळीचा ओंडका होता, मधे वाटीसारखा खड्डा. शेजाऱ्याने मेपलचं झाड पाडलं होतं, त्याच्याकडून ओंडका मागून आणला, खड्डा कोरला आणि लाकडी हातोडीने पत्रा त्यात बसवत गेलो. आधी अक्रोडाच्या टरफलासारखा सुरकुततो, मग हळूहळू ताळ्यावर येतो. पाचवा तुकडा लागला, आधीचे चार भिंतीला टांगलेत. बायको म्हणते त्यांत कुंड्या करूया.

आणि कल्हई! त्या तुकड्याच्या सांध्यावर लांबी घालायची नव्हती, जुन्या पद्धतीने कथिलाने भरायचं होतं. (शिसं टाळलं, घरात लहान मूल आहे.) कथील धरेचना, गोळ्या होऊन ओघळत होतं. तुम्ही म्हणालात, "भांड्याला नवसागर मारून कल्हई करत्यात, बघितली न्हाईस कधी?" बघितली होती, महाद्वार रोडवर, आजीचं पातेलं घेऊन. पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, आधी पातळ थर चढवला, मग वर कथील लोण्यासारखं पसरलं. यूट्यूबवरचा माणूस हेच सांगत होता, फक्त त्याला पातेलं माहीत नव्हतं.

एक गोष्ट फोनवर अर्धवट राहिली होती, ती इथे सांगतो. विलीजची जीप, जी १९४७पासून मुंबईत महिंद्राने जोडायला घेतली, तिचं अमेरिकेतलं घराणं १९५३ साली कैसरकडे गेलं, आणि १९७० साली कैसरची जीप कंपनी एएमसीने विकत घेतली. म्हणजे माझी गाडी बनली त्या वर्षी जॅव्हलिन आणि जीप एकाच घरात होत्या. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग पावणीच की ही, आधी सांगायचं न्हाईस व्हय!" आणि त्या दिवसापासून गाडीला 'पावणी' म्हणायला लागलात. आता आमच्या घरातही तेच नाव आहे.

पैसे तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे. मागच्या दिवाळीला पाठवलेले तुम्ही माझ्या आईच्या हातात परत नेऊन दिलेत. चाचा, माझ्या हातात आज जे थोडंफार आहे ते तुमचं आहे, आणि वडिलांच्या जीपप्रमाणे हेही तुम्ही वहीत लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहितोय.

रंग लावल्यावर मी तुम्हाला लाल गाडीचे अकरा फोटो पाठवले. तुमचं उत्तर आलं, "रंग काय, कुणीबी लावतंय. खालनं फोटो पाठव." सोबत जोडलेत, पाच. चौथ्यात उजव्या बाजूला एक टाका जरा जाड दिसेल. तो मलाही दिसतोय. राहू दिलाय.

आणि एक विचारायचं होतं. डावं दार मागच्या कडेला दोन-तीन मिलिमीटर खाली बसतंय. वरच्या बिजागरीमागे पत्ती घालू, की आधी बिजागरीची पिनच बदलून बघू? रविवारी साडेआठला फोन करतो. इथली घड्याळं तासभर पुढे गेलीत, माझे रात्रीचे दहा वाजलेले असतील, पण गॅरेजात दिवा चालू असेल.

तुमचा,
वडापवाल्याचा पोरगा