हिस्कीत नोंदी भरणाऱ्यांचे आभार

फिनलंडच्या चर्चवह्यांतले जन्म, विवाह, मृत्यू आणि स्थलांतर ओळीओळीने टंकून हिस्की या ऑनलाइन भांडारात भरणाऱ्या स्वयंसेवकांनो,

तुमचे मनापासून आभार. फिनिश वंशावळी संस्थेचं हे भांडार विनाशुल्क आहे, खातंही उघडावं लागत नाही. अमेरिकेत मिशिगन-मिनेसोटाच्या खाणींवर गेलेल्यांचा माग काढणाऱ्याला त्याचं मोल कळतं. कारण तिथल्या कागदांवर १९१७ आधीच्या फिनिश माणसाचा जन्मदेश बरेचदा नुसता 'रशिया' असतो (फिनलंड तेव्हा रशियाच्या अमलाखाली होतं) आणि मॅकी, म्हणजे टेकडी, या आडनावाचा इंग्रजीत 'हिल' झालेला असतो.

जन्मगाव मात्र आधी तिकडूनच काढावं लागतं. १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जात ते सहसा सापडतं. मग हिस्कीत पॅरिश, म्हणजे त्या गावाच्या चर्चचा परगणा, निवडायचा आणि आडनावाचा रकाना चक्क कोरा सोडायचा. आपल्याकडे वाईकर पुण्यात राहायला गेला तरी वाईकरच राहतो. पश्चिम फिनलंडात घर बदललं की नाव बदलायचं, घरजावई सासरच्या घराचं नाव लावायचा. म्हणून बापाचं नाव, आईचं नाव आणि तिच्या वडिलांवरून पडलेलं पितृनाम एवढंच भरायचं. सगळी भावंडं एका यादीत उभी राहतात! जुन्या वह्या स्वीडिशमध्ये असल्याने मट्टी तिथे मॅट्स होतो, हेइक्की हेनरिक आणि युहो योहान. हाती असलेली तारीख जुळली नाही, तर ती बाप्तिस्म्याची आहे का तेही बघावं. तुम्ही दोन्ही तारखा दिल्या आहेत.

काही सापडलं नाही म्हणजे माणूस नव्हता, असं नाही. बऱ्याच पॅरिशांच्या नोंदी १८५० च्या आसपास थांबतात, कारण तुम्ही टंकलेला पुष्कळसा मजकूर त्या सालापर्यंतच्या हस्तलिखित नकलांवरून घेतलेला आहे. नकलेची नक्कल म्हटल्यावर एखादं अक्षर चुकणारच. त्यामुळे मूळ पानाचं छायाचित्र पाहिल्याशिवाय नातं पक्कं धरू नये. शिवाय काही पॅरिश पूर्वी दुसऱ्या पॅरिशखाली होते, जसं कौहावा लापुआखाली होतं, म्हणून ते मूळ पॅरिशही चाळावे लागतात.

रिप्पीकिर्या, म्हणजे घरागणिक कुटुंब मांडणारी वही, हिस्कीत नाही. पण जन्मनोंदीत तुम्ही गाव आणि घर लिहून ठेवलंत, म्हणून त्या वहीतलं नेमकं पान गाठता येतं. 'अमेरिकेला गेला' हा शेरा बहुधा तिथेच भेटतो.

आणि हिस्कीतल्या प्रत्येक नोंदीला असलेला क्रमांक! वंशावळीत नावापुढे तो लिहिला की दुसरा कोणीही तीच ओळ उघडून आमची चूक पकडू शकतो.

आपले ऋणी,
फिनिश पूर्वज शोधणारे आम्ही काहीजण