फाल्मथच्या उजळत्या खाडीतून

फाल्मथ, जमैका
28 फेब्रुवारी 2025

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

काल रात्री येथील ‘ल्युमिनस लगून’ या, पाणी हलले की त्यातील सूक्ष्म जीवांमुळे चमकणाऱ्या खाडीत पोहून आल्यावर मी जी छायाचित्रे पाठवली, ती पाहून बाबांनी लगेच विचारले की हा निळा रंग खरा आहे की कॅमेऱ्याची करामत, आणि डोळ्यांना नेमके काय दिसले ते सविस्तर लिही. फोनवर हे नीट सांगता आले नसते. आज दुपारी सगळे समुद्रकिनाऱ्यावर गेले आहेत, खोलीत शांतता आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

फाल्मथ हे जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील, ट्रेलॉनी परगण्यातील एक जुने बंदर आहे. 1769 मध्ये वसलेले हे गाव साखर आणि रम यांच्या निर्यातीवर श्रीमंत झाले आणि ती साखर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या श्रमांतून निघत होती, हे येथील दगडी गोदामे आणि वखारी पाहताना विसरता येत नाही. (तुमच्या नातीला मात्र या इतिहासापेक्षा धावपटू उसेन बोल्ट याच परगण्यातील शेरवुड कंटेंट गावचा, याचेच अप्रूप अधिक.) गावाच्या पूर्वेला मार्था ब्रे नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाजवळच ही उथळ, जवळजवळ बंदिस्त अशी खाडी आहे. काठाने कांदळवन दाट वाढलेले आहे. आपल्याकडे ज्याला कांदळ म्हणतात त्याच कुळातील झाड येथेही मुख्य आहे, जात वेगळी असली तरी चिखलात उतरलेल्या त्या कमानीसारख्या मुळ्या पाहून क्षणभर मला गुहागरहून असगोलीकडे जावे तसे वाटले.

सहलीची तारीख मी मुद्दाम आईने पाठवलेल्या कालनिर्णयावरून ठरवली होती. परवा महाशिवरात्र झाली, काल अमावास्या, म्हणजे आकाशात चंद्र असण्याचा प्रश्नच नव्हता. पौर्णिमेच्या आसपास येथे आलेली माणसे पुष्कळदा निराश होऊन परततात, कारण पाण्यातील जीव चंद्रप्रकाशातही चमकतच असले तरी उजळलेल्या आकाशाखाली ती चमक आपल्या डोळ्यांना फिकी भासते. तेव्हा आई, पंचांग पाहून प्रवासाला निघण्याची तुझी सवय या वेळी अगदी शास्त्रशुद्ध कारणासाठी उपयोगी पडली.

सूर्य मावळून पुरता काळोख झाल्यावर धक्क्यावरून मोटारहोडी निघाली. पहिली काही मिनिटे मला काहीच विशेष दिसले नाही, आणि याचे कारण पाण्यात नव्हते तर माझ्या डोळ्यांत होते. धक्क्यावरील दिव्यांच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मग हळूहळू होडीच्या नाळीपाशी फुटणारे पाणी पांढुरके दिसू लागले आणि मागे पंख्याने घुसळलेल्या पाण्याचा एक उजळ पट्टा लांबत गेला. सर्वांत जास्त आवडले ते मासे. होडीच्या आवाजाने बिचकून ते दोन्ही बाजूंना पळत, आणि मासा दिसत नसला तरी त्याची वाट दिसे: काळ्या पाण्यात एक रेघ सर्रकन उमटायची, वळायची आणि विझून जायची. तुमची नात ‘तो बघ, तो बघ’ म्हणून ओरडत होती, पण ती बोट दाखवेपर्यंत रेघ नाहीशी झालेली असे.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. छायाचित्रातला गडद निळा रंग खोटा नाही, पण आम्हांला तो तसा दिसला नाही. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 475 नॅनोमीटर, म्हणजे खरोखरच निळ्या पट्ट्यातील आहे. कॅमेरा झडप काही काळ उघडी ठेवून तो प्रकाश साठवतो, म्हणून चित्रात रंग भरभरून येतो. आपले डोळे मात्र इतक्या मंद प्रकाशात दंडपेशींवर अवलंबून असतात आणि त्या पेशींना रंग कळत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेळ मला दिसला तो दुधी, किंचित निळसर झाक असलेला उजेड. जोरात पाणी उडवले तेव्हाच त्यात निळेपणा स्पष्ट जाणवला. ज्यांनी केवळ जाहिरातीतील चित्रे पाहिली आहेत त्यांचा येथे थोडा विरस होत असावा. माझा झाला नाही, कारण चित्रात जे येत नाही ते अधिक विलक्षण होते आणि त्यासाठी पाण्यात उतरावेच लागते.

खाडीच्या मध्यावर होडी थांबली, यंत्र बंद झाले, आणि आमच्या तांडेलाने सांगितले की पोहू इच्छिणाऱ्यांनी जाकीट घालून शिडीने उतरावे. तुमचे जावई आधी उतरले, आणि मी वरून जे पाहिले ते असे: माणूस दिसतच नव्हता, दिसत होता तो त्याच्या हालचालीचा आकार. हात जिकडे जाई तिकडे उजेड, पाय मारला की उजेड, आणि ते जरा स्थिर झाले की पुन्हा काळोख. मी उतरले तेव्हा पहिला धक्का तापमानाचा होता. वरचा थर नदीच्या गोड्या पाण्याचा आणि गार. त्याखाली समुद्राचे खारे, जड पाणी, आणि ते चांगलेच कोमट. कमरेपर्यंत ऊब आणि खांद्यांना गारवा अशी ती गंमत. तळ फार खोल नाही, काही ठिकाणी पाय टेकतात, पण टेकताच ते मऊ गाळात जातात, म्हणून तरंगत राहणेच बरे.

बोटे पसरून हात पाण्याखालून फिरवला तर प्रत्येक बोटाभोवती वेगळी झळाळी दिसते. हात बाहेर काढला की मनगटावरून ओघळणाऱ्या थेंबांत बारीक कण चमकून जातात, गुलालातील अभ्रक चमकावे तसे. मी पाठीवर पडून अगदी निश्चल राहण्याचा प्रयत्न केला, आणि तेव्हा भोवतालचे पाणी पूर्ण काळे झाले. उजेड पाण्यात भरून राहिलेला नाही. तो स्पर्शाला मिळालेले उत्तर आहे आणि स्पर्श थांबला की उत्तर थांबते. हे मी पूर्वी वाचले होते, तरीही स्वतःच्या श्वासाबरोबर छातीशी उमटणारी आणि विझणारी ती पुसट कड पाहीपर्यंत मला ते खऱ्या अर्थाने समजले नव्हते.

बाबा, तुम्ही वर्गात शिकवले असते तशा पद्धतीने आता थोडे शास्त्र. हा प्रकाश ‘पायरोडिनियम बहामेन्स’ नावाच्या एकपेशीय जीवाचा आहे. लुडविग प्लाटे या जर्मन शास्त्रज्ञाने 1906 मध्ये बहामा बेटांवरील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. आकार मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतका, म्हणजे सुटा जीव नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण. पाणी हलले की पेशीच्या आवरणावर ताण येतो, त्या ताणाने पेशीत एक विद्युत-स्पंद निघतो आणि प्रकाशाची सामग्री ज्या सूक्ष्म कणांत साठवलेली असते तेथील आम्लता एकदम वाढते. त्यासरशी ल्युसिफेरीन हे द्रव्य मोकळे होते, ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागापुरती एक चमक निघते. प्रत्येक पेशीची चमक इतकी अल्प असूनही हात सतत उजळलेला दिसतो, कारण तो पुढे सरकताना क्षणाक्षणाला नव्या पेशींना डिवचत असतो.

आईला हे ऐकून भंडारदऱ्याचे काजवे आठवतील आणि ते योग्यच आहे, कारण तेथेही ल्युसिफेरीन आणि ल्युसिफरेज हीच जोडी काम करते. परंतु नाव एक असले तरी द्रव्ये निराळी आहेत. काजव्याचे ल्युसिफेरीन वेगळ्या घडणीचे आहे, तर या सागरी जीवांच्या ल्युसिफेरीनची रचना चक्क हरितद्रव्याशी नाते सांगणारी आहे. शिवाय काजवा जोडीदाराला बोलावण्यासाठी चमकतो. हा जीव मात्र संकटात चमकतो. त्याला खायला आलेला कोळंबीच्या जातीचा चिमुकला प्राणी या चमकेने दचकतो, किंवा त्याच उजेडात तो स्वतः एखाद्या माशाच्या नजरेस पडतो. चोर आल्यावर घरातल्याने दिवा लावून आरडाओरड करावी, असा हा बचाव असल्याचे शास्त्रज्ञ मानतात.

आणखी एक गोष्ट तुम्हांला फार आवडेल. हेच पाणी दिवसा बाटलीत भरून कितीही हलवले तरी ते रात्रीसारखे चमकत नाही, अगदी बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवली तरीही. या वर्गातील जीवांच्या अंगी स्वतःचे घड्याळ असते. 1950 च्या दशकात बीट्रिस स्वीनी आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी अशाच एका प्रजातीला सतत मंद प्रकाशात ठेवून दाखवले की बाहेर दिवस-रात्र नसतानाही त्यांच्या चमकण्याचा दैनिक क्रम चालूच राहतो. एका पेशीला वेळ कळते, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

हे जीव याच खाडीत बारा महिने का टिकतात, याचे उत्तर तिच्या ठेवणीत आहे. तोंड अरुंद असल्याने भरती-ओहोटीबरोबर ते मोठ्या प्रमाणात वाहून जात नाहीत. पाणी उथळ आणि उबदार राहते. कांदळाची पाने गळून कुजतात आणि त्यांच्यापासून पोषणद्रव्ये मिळतात. यांतील एक गोष्ट बिघडली तरी उजेड जातो. सप्टेंबर 2017 मधील मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोतील व्हिएकेस बेटावरची प्रसिद्ध मॉस्किटो खाडी कित्येक महिने अंधारली होती. नंतर ती सावरली. ‘जगात अशा चारच जागा आहेत’ असे येथे प्रत्येक पर्यटकाला छातीठोकपणे सांगतात, पण ते खरे धरू नका, कारण एकट्या पोर्तो रिकोतच अशा तीन आहेत.

त्या मॉस्किटो खाडीत पोहण्यास बंदी आहे. माणसांच्या अंगावरील लोशने, डास पळवणारी मलमे आणि सततची घुसळण यांचा त्रास त्या जीवांना होऊ नये, हा हेतू. येथे मात्र पोहता येते आणि मोटारहोड्याही चालतात. आम्ही निघण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ केली आणि अंगाला काही लावले नाही, परिणामी तुमच्या जावयांचे कान डासांनी चांगलेच फोडले. पण आमच्या होडीतील बहुतेक मंडळी दिवसभराच्या उन्हासाठी लावलेल्या क्रीमसकट पाण्यात उतरली आणि त्यांना कोणी अडवले नाही. मला पोहायला मिळाले याचा मला अतिशय आनंद झाला आहे. तरीही उद्या येथे बंदी घातली गेली तर मी तिच्या बाजूनेच बोलेन. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, काय करावे!

या पाण्यापासून त्रास होत नाही ना, असे आईने विचारले होते. पोहणाऱ्याला नाही. मात्र याच प्रजातीचा जो प्रकार फिलिपीन्सच्या बाजूला आढळतो तो विषारी आहे, आणि तो खाल्लेल्या शिंपल्या माणसाच्या पोटात गेल्यास अर्धांगासारखी लक्षणे होऊन मृत्यूही ओढवू शकतो. तिसऱ्या आणि कालवे यांवर जीव असलेल्या आपल्या घराला ही माहिती असलेली बरी.

बाबा, आपल्या किनाऱ्यावर जे दिसते ते याहून वेगळे आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये जुहूच्या लाटा निळ्या झाल्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या होत्या आणि कोकणातही थंडीत असे दिसते. तो जीव म्हणजे ‘नॉक्टिल्युका’. तो आकाराने कितीतरी मोठा, जवळजवळ डोळ्यांना दिसण्याजोगा असतो, इतर सूक्ष्म जीवांना खातो, आणि एका जागी वस्ती न करता उमलून नाहीसा होतो. अरबी समुद्रातील त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात तर आणखी बारीक शेवाळ राहते. हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोस या मूळच्या गोव्याच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की त्याची ही वाढ पाण्यातील प्राणवायू घटण्याशी निगडित आहे. माशांना तो फारसा खाद्य म्हणून उपयोगी नसल्याने आपल्या मच्छीमारांच्या दृष्टीने तो शुभशकुन म्हणता येणार नाही.

तेव्हा माझी एक विनंती आहे. येत्या मार्गशीर्ष-पौषात अमावास्येच्या सुमारास, लाटा चमकत आहेत असे कोणी सांगितले तर किनाऱ्यावरचे पाणी एका बादलीत आणून अंधाऱ्या पडवीत ठेवा, वीसेक मिनिटे दिवा न लावता बसा आणि मग त्यात हात फिरवा. तसेच थोडे पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी कोठीच्या खोलीत हलवून पाहा आणि दोन्ही वेळी काय दिसले ते मला लिहून कळवा. नॉक्टिल्युकाचे दिवसाचे वागणे तुम्ही स्वतः पाहून सांगावे अशी माझी इच्छा आहे. आपल्या शाळेच्या मुलांना सोबत घेतलेत तर अधिकच चांगले.

आम्ही रविवारी टोरांटोला परतू. काकूंना व शेजारच्या सर्व वडीलधाऱ्या मंडळींना माझा नमस्कार, लहानांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
ताई

ता. क. आई, कच्च्या फणसाची भाजी येथे कोणी करत नाही, पिकलेला फणस मात्र रस्त्याकडेला मिळतो. बरका आहे.